यंत्र-अडत्याचा शब्दकोश कोणाचा?

दिवाळीच्या सुमारास दिग्रसच्या बाजारपेठेत कापसाच्या गाड्या येऊ लागतात. खरेदीदार गाडीतल्या मालावर हात फिरवितो, मूठभर कापूस उचलून बोटांनी ओढून पाहतो आणि दोन-चार शब्दांत त्या मालाची प्रत व भाव ठरून जातात. शेतकऱ्याच्या वर्षभराच्या श्रमांचा निकाल लावणारे हे शब्द मोजकेच असतात. ‘माल साफ आहे’, ‘ओल आहे’, ‘फरदड दिसते’, ‘कवडी फार आहे’. ते शेतकऱ्याला कळतात, अडत्याला कळतात आणि व्यापाऱ्यालाही कळतात. मात्र त्यांचे माप कोणते आणि ते कोणी ठरविले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

एके काळी तर हे शब्दही उच्चारले जात नसत. अडत्या आणि व्यापारी रुमालाखाली हात घालीत आणि बोटांच्या दाबाने भाव ठरवीत. या ‘हत्ता’ पद्धतीत माल ज्याचा, त्यालाच सौद्याची भाषा कळत नसे. रुमालाबाहेर उभा असलेला शेतकरी शेवटी सांगितलेला आकडा ऐके आणि गाडी रिकामी करी. नियंत्रित बाजारपेठांच्या कायद्यांनी ही पद्धत मोडून उघड लिलावाचा आग्रह धरला, तो याच कारणाने. सौदा कोणत्या भाषेत होतो आणि ती भाषा कोणाकोणाला समजते, हा अर्थकारणातला गौण तपशील नाही. किंबहुना भाव ठरण्याचा आरंभ तेथूनच होतो.

या जुन्या गोष्टीची आठवण आज करण्यास सबळ कारण आहे. बाजारात आता एक नवा अडत्या येऊ घातला आहे. त्याला दुकान नाही, गादी नाही आणि हिशेबाची वहीही नाही. तो संगणकातील एक आज्ञावली आहे. आपल्या धन्याला काय हवे ते समजून घ्यावे, शेकडो विक्रेत्यांच्या मालाची चौकशी करावी, घासाघीस करावी, सौदा पक्का करावा आणि पैसेही चुकते करावेत, अशी कामे त्याच्याकडे सोपविण्याची तयारी जगभर चालू आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये ओपनएआय व स्ट्राइप या कंपन्यांनी अशा यंत्र-अडत्यांमार्फत खरेदी करण्याची नियमावली जाहीर केली. त्याच महिन्यात गूगलने त्यांच्यामार्फत पैसे देण्यासंबंधीची आपली नियमावली पुढे आणली. पुढच्याच महिन्यात भारतातही यूपीआयच्या आधारे अशा खरेदीचा प्रयोग करण्याची घोषणा झाली. हे सारे महानगरांतील किराणा आणि कपड्यांपुरते राहील, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल.

शेतमालाच्या बाजाराची चौकट तर आधीच उभी राहिली आहे. १४ एप्रिल २०१६ रोजी ‘ई-नाम’ ही राष्ट्रीय कृषी बाजार योजना सुरू झाली. प्रारंभी एकवीस बाजार तिला जोडले होते, आज ही संख्या दीड हजारांच्या घरात आहे. डिसेंबर २०२१ मध्ये ‘ओएनडीसी’ ही सरकारपुरस्कृत कंपनी स्थापन झाली. ग्राहक एका आज्ञावलीवर आणि विक्रेता दुसऱ्याच आज्ञावलीवर असला, तरी दोघांत व्यवहार व्हावा, हा तिचा हेतू. शेतकरी उत्पादक कंपन्यांनाही तिच्या जाळ्यावर आणण्यात आले. भारतीय कापूस महामंडळाने २०२५ च्या हंगामात हमीभाव खरेदीची नोंदणी ‘कपास किसान’ या मोबाइल-आज्ञावलीवर आणली. माणसाने माणसाशी बोलण्याऐवजी यंत्राने यंत्राशी बोलावे, एवढीच पायरी आता उरली आहे.

यंत्रांची बोली

यंत्रे एकमेकांशी बोलतील तरी कशी? हा प्रश्न नवा नाही. वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी जेम्स हेंडलर व ओरा लासिला यांच्यासह मे २००१ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात एक लेख लिहिला. महाजालावरील मजकूर माणसाला वाचता येतो, पण यंत्राला त्याचा अर्थ कळत नाही. तो अर्थ यंत्राला कळेल अशा रीतीने लिहिला, तर संगणकातील प्रतिनिधी माणसाच्या वतीने कामे उरकू शकतील, असे त्यांचे प्रतिपादन होते. या कल्पनेला ‘सिमँटिक वेब’ म्हणजे अर्थजाल असे नाव मिळाले.

त्यामागील युक्ती समजण्यास कठीण नाही. प्रत्येक माहिती तीन पदांच्या छोट्या वाक्यात मांडायची. ‘ही गाडी – ओलावा – अकरा टक्के’ हे असे एक वाक्य. ‘हा कापूस – धाग्याची लांबी – तीस मिलिमीटर’ हे दुसरे. यातील प्रत्येक पदाला महाजालावर एक ठरलेला पत्ता द्यायचा, म्हणजे ‘ओलावा’ या शब्दाने नेमके काय मोजले, ते कोणत्याही यंत्राला त्या पत्त्यावर जाऊन पाहता येईल. शब्दांचे परस्परसंबंधही नोंदवायचे. फरदड हा कापसाचाच प्रकार आहे, कापसापासून रुई व सरकी निघते, रुईची गाठ बांधली जाते आणि अशी एक गाठ १७० किलोची धरतात. अशा रीतीने जो कोश तयार होतो, त्याच्या आधारे परस्परांना अपरिचित असलेली दोन यंत्रेही एका अर्थाने बोलू शकतात.

तथापि कोश म्हटला की कोशकार आला. २०११ मध्ये गूगल, मायक्रोसॉफ्ट व याहू या कंपन्यांनी एकत्र येऊन ‘स्किमा डॉट ऑर्ग’ हा सामायिक शब्दसंग्रह सुरू केला. मार्टिन हेप या जर्मन प्राध्यापकाने वस्तू, किंमत आणि विक्रीच्या अटी यांसाठी तयार केलेला कोश पुढल्याच वर्षी त्यात सामावून घेण्यात आला. जगभरच्या दुकानदारांनी ही परिभाषा स्वीकारली. तिच्यामागे कोणताही कायदा नव्हता. शोधयंत्रांना जी भाषा वाचता येते तीच लिहिणे दुकानदाराच्या हिताचे होते, एवढेच. बाजारात शब्दांची सक्ती होते ती बहुधा अशी होते.

शब्दामागचा रुपया

एखाद्या शब्दाने शेतकऱ्याच्या घरात किती रुपयांचा फरक पडतो, हे आकड्यांवरून दिसेल. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याच्या कापसाचा ७,७१० रुपये ठरला. केवळ ‘लांब’ की ‘मध्यम’ या एका पदाने क्विंटलमागे चारशे रुपयांचे अंतर पडले. हमीभावाच्या खरेदीत ओलावा आठ टक्क्यांवर गेला की त्या प्रमाणात किंमत कापली जाते आणि बारा टक्क्यांच्या पुढे खरेदीच होत नाही. टक्क्यामागे टक्का या हिशेबाने बारा टक्क्यांना क्विंटलमागे सुमारे ३२४ रुपये जातात. वीस क्विंटल कापूस विकणाऱ्या शेतकऱ्याला हा फरक साडेसहा हजारांच्या आसपास पडतो. सकाळच्या दवात मोजलेला ओलावा आणि दुपारच्या उन्हात मोजलेला ओलावा एक नसतो, हे यवतमाळ जिल्ह्यातील शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. म्हणजे ‘ओलावा – अकरा टक्के’ हे वाक्य पुरे नाही. ते कोणत्या यंत्राने, किती वाजता, गाडीच्या कोणत्या थरातून आणि कोणी मोजले, हेही त्या वाक्यासोबत गेले पाहिजे.

शब्दाचा अर्थ हंगामागणिक बदलतो, हा अनुभवही ताजाच आहे. सोयाबीनच्या हमीभाव खरेदीत ओलाव्याची मर्यादा बारा टक्के असते. २०२४ च्या खरीप हंगामात केंद्र सरकारने ती पंधरा टक्क्यांपर्यंत शिथिल केली. तो निर्णय शेतकऱ्याला दिलासा देणारा होता. पण एखाद्या दूरच्या खरेदीदाराचा यंत्र-अडत्या जुनाच कोश घेऊन बसला, तर कालपर्यंत पात्र ठरलेला माल तो अपात्र ठरवील आणि त्याची चूक कोणाच्या लक्षातही येणार नाही. कोशातील प्रत्येक शब्दावर तारीख हवी, ती यासाठी.

याहून गंभीर प्रश्न आहे तो कोशात नसलेल्या शब्दांचा. कापसाच्या हमीभावाचे वर्गीकरण धाग्याची लांबी आणि मायक्रोनेअर यांवर आधारलेले आहे. पण शेतकरी आपला माल ओळखतो तो वेचणीवरून. पहिल्या-दुसऱ्या वेचणीचा पांढराशुभ्र कापूस आणि हंगामाच्या अखेरचा कापूस एका ढिगात घालू नये, हे घरातील बायाबापड्यांनाही ठाऊक असते. निगुतीने वेचलेला, पाचोळा न येऊ दिलेला, वाळवून आणलेला कापूस वेगळा ठेवण्यासाठी मजुरी पडते. ‘वेचणी’ हे पदच यंत्राच्या कोशात नसेल, तर त्या मजुरीला भाव कोठून मिळणार?

जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन नेमके हेच दाखविले होते. ग्राहकाला चांगल्या-वाईटाची पारख करता येत नसेल, तर तो सरासरी भाव देतो. त्या भावात चांगला माल विकणे परवडत नाही, म्हणून चांगला माल बाजारातून हटतो आणि वाईट माल उरतो. त्यांना २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते अशाच विवेचनासाठी. विदर्भातील जिनिंगमध्ये पन्नास शेतकऱ्यांचा कापूस एका ढिगात पडतो, तेव्हा या सिद्धान्ताचा प्रत्यय येतो. ‘कस्तुरी कॉटन भारत’ या नाममुद्रेखाली रुईच्या गाठीला स्वतंत्र ओळख देण्याचा उपक्रम स्वागतार्ह आहे. पण गाठ ही जिनिंगनंतरची अवस्था आहे. ढिगात पडण्यापूर्वीच्या गाडीला ओळख मिळाल्याशिवाय चांगल्या वेचणीचा मोबदला शेतकऱ्याच्या हाती पोचणार नाही.

अर्थजालाचा खरा लाभ येथे आहे. व्यवस्थित बांधलेला कोश, मोजमापाची विश्वसनीय नोंद आणि शेतकऱ्याच्या बाजूने बोलणारा यंत्र-अडत्या ही तिन्ही एकत्र आली, तर दिग्रस तालुक्यातील एखाद्या उत्पादक कंपनीचा निवडक कापूस इचलकरंजीच्या किंवा कोइमतूरच्या गिरणीला थेट सापडू शकेल. आज जे चांगुलपण सरासरी भावात बुडून जाते, त्याला गिऱ्हाईक मिळेल. त्यामुळे या तंत्राला सरसकट विरोध करणे शहाणपणाचे नाही. ते कोणाच्या अटींवर येते, हे पाहिले पाहिजे.

‘नाही’ आणि ‘समजले नाही’

यंत्र-अडत्यांच्या संभाषणाचे नियम करण्यासाठी १९९६ मध्ये ‘फिपा’ ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली होती. तिने संदेशांचे प्रकार ठरवून दिले. प्रस्ताव मागविणे, प्रस्ताव देणे, तो स्वीकारणे, तो फेटाळणे असे ते प्रकार आहेत. लिलावातील बोलणी जवळजवळ जशीच्या तशी त्यात उतरली आहेत. या यादीत एक संदेश मात्र विशेष विचार करण्यासारखा आहे. ‘समजले नाही’ असा तो संदेश. समोरच्या यंत्राने पाठविलेल्या शब्दाचा अर्थ आपल्या कोशात नसेल, तर नकार न देता तसे स्पष्ट सांगावे, ही तरतूद त्या नियमकर्त्यांनी जाणीवपूर्वक केली.

बाजाराच्या दृष्टीने या दोन उत्तरांतील अंतर फार मोठे आहे. ‘नाही’ म्हटले की गाडी परत फिरते. ‘समजले नाही’ म्हटले की खुलासा करता येतो, माल पुन्हा दाखविता येतो, नमुना तपासून घेता येतो. ज्या यंत्राला फरदड आणि कवडी यांतील भेद ठाऊक नाही, ते दोन्हींना एकाच शिक्क्याखाली ‘अपात्र’ ठरवून मोकळे होईल. वास्तविक फरदड म्हणजे हंगाम संपल्यावर त्याच उभ्या पिकापासून घेतलेला कापूस, तर कवडी म्हणजे किडीने वा पावसाने बिघडलेले, नीट न उमललेले बोंड. यंत्राचे अज्ञान नकाराचे रूप घेऊन आले, तर त्याची किंमत शेतकऱ्याने मोजायची, हा कोठला न्याय?

यावर एक आक्षेप घेतला जाईल. आजची कृत्रिम बुद्धिमत्ता माणसाची भाषा समजते, मग असल्या कोशांचा खटाटोप कशाला, असे विचारले जाईल. आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. परंतु भाषेचा अंदाज बांधता येणे वेगळे आणि शब्दाला बांधील राहणे वेगळे. ‘साफ माल’ म्हणजे काय याचा अदमास यंत्राने अचूक केला, तरी सौद्यानंतर वाद उपस्थित झाला तर निवाडा कशाच्या आधारे करायचा? अदमासाला अपील नसते. शिवाय ही यंत्रे ज्या लिखित मजकुरावर शिकतात, त्यात इंग्रजीचा वाटा प्रचंड आणि वऱ्हाडी शेतकऱ्याच्या बोलीचा वाटा नगण्य आहे. जी बोली कागदावर फारशी आलीच नाही, तिचा अंदाज यंत्र कोठून बांधणार? म्हणून यंत्र जितके बोलके होईल, तितकी ठरलेल्या आणि जाहीर कोशाची गरज वाढेल.

वऱ्हाडचा जुना धडा

या बाबतीत वऱ्हाडला स्वतःचा इतिहास आहे. दिग्रसपासून फार दूर नसलेल्या कारंजा येथे १८८६ मध्ये कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. देशातील अशा बाजारांची गणना तेथूनच केली जाते. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस नियमितपणे मिळावा, ही त्यामागची मुख्य प्रेरणा होती. तरीही बाजाराला जागा मिळाली, नियम मिळाले आणि वजनमापांवर देखरेख आली. उणीव होती ती एका जागी. बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या समितीत व्यापारी होते, नगरपालिकेचे सभासद होते, पण कापूस पिकविणाऱ्याला तेथे स्थान नव्हते. ती चूक दुरुस्त होण्यासाठी पुढील पिढीतील कायद्यांची वाट पाहावी लागली.

वजनमापांचेही तसेच. मण आणि खंडी यांचे माप प्रांतागणिक, किंबहुना जिनसागणिक बदलत असे. १९५६ च्या कायद्याने दशमान मापे आली आणि किलोग्रॅमचा अर्थ दिग्रसला जो, तोच मुंबईला झाला. हे काम कोणत्याही व्यापारी कंपनीकडे सोपविले गेले नव्हते. ते संसदेने केले, कारण माप ही सार्वजनिक वस्तू आहे हे त्या काळच्या राज्यकर्त्यांना समजले होते. यंत्र-अडत्यांच्या बाजारात शब्द हेच माप होणार आहे. मग त्याची मालकी खाजगी का असावी?

यातून काही मागण्या ओघानेच येतात. पहिली मागणी अशी की, शेतमालाची प्रत, माप आणि सौद्याच्या अटी यांचा यंत्रवाच्य कोश शासनाने सार्वजनिक म्हणून जाहीर करावा. ‘ई-नाम’ने दोनशेहून अधिक शेतमालांसाठी प्रतवारीचे निकष ठरविले आहेतच. त्यांना मराठी आणि बोलीतील शब्दांची जोड द्यावी. हे काम करण्यास अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था या दोन संस्था सर्वथा समर्थ आहेत. दुसरी, प्रत्येक मोजमापासोबत यंत्र, वेळ आणि मोजणाऱ्याची नोंद सक्तीची असावी आणि तिची प्रत शेतकऱ्याला मिळावी. तर्कशुद्ध वाक्यात लिहिलेले असत्य हे शेवटी असत्यच राहते. कोश त्याला आळा घालू शकत नाही, तपासता येणारी साक्षच घालू शकते. तिसरी, यंत्राने माल नाकारला तर नकाराचे कारण मराठीत द्यावे आणि न समजलेला शब्द नकारात गणू नये. चौथी, एकाच कंपनीचा यंत्र-अडत्या खरेदीदार आणि शेतकरी या दोघांच्याही वतीने बोलत असेल, तर ते आधी उघड सांगावे. आणि पाचवी, कोश ठरविणाऱ्या व त्यात बदल करणाऱ्या मंडळावर पिकविणाऱ्यांचे प्रतिनिधी असावेत. १८९७ ची चूक सव्वाशे वर्षांनी पुन्हा करण्यात अर्थ नाही.

बाजार समित्यांवर याहून अधिक जबाबदारी आहे. आपल्या आवारातील व्यवहाराची भाषा कोठे तरी दूर ठरविली जात असताना त्या स्वस्थ बसल्या, तर उद्या त्यांच्याकडे तोलकाट्याखेरीज काही उरणार नाही. दिग्रससारख्या समितीने हंगामात आपल्या आवारातले शब्द, वेचण्या, प्रती आणि त्यांना मिळालेले भाव यांची शिस्तशीर नोंद ठेवण्यास सुरुवात केली, तरी भावी कोशासाठी तो मोलाचा आधार ठरेल. त्याला मोठा खर्च लागत नाही. दोन जाणते मापारी, एक लिहिणारा आणि थोडी चिकाटी एवढे पुरे आहे.

रुमाल बाजूला सारण्यासाठी या देशातील शेतकऱ्याला कायद्याची आणि दीर्घ काळाची गरज पडली. नव्या बाजारात बोटांच्या जागी अंक येतील आणि ते कोणाच्याही डोळ्यांना दिसणार नाहीत. सौदा तेव्हाही शेतकऱ्याच्या मालाचाच असेल. त्याची भाषा शेतकऱ्याला कळावी आणि तिच्यात त्याचेही शब्द असावेत, ही तरतूद यंत्र बाजारात उतरण्यापूर्वी व्हावयास हवी. एकदा भाव ठरून गेल्यावर शब्दाचा अर्थ विचारण्याला बाजारात कोणी थांबत नाही.